दोष, दंड आणि शिक्का

नियम मोडणाऱ्याला समाज बोल लावतो, दंड करतो, कोंडून ठेवतो किंवा वाळीत टाकतो. या प्रतिक्रियेमुळे नियमभंगाला आळा बसतो, असे सर्वत्र गृहीत धरलेले असते. विसाव्या शतकातल्या समाजशास्त्राने या गृहीतकाला मोठा अपवाद दाखवला. काही परिस्थितींत प्रतिक्रियाच नियमभंग वाढवते. एखाद्या वेळी चोरी केलेल्या माणसाला सगळ्यांनी सतत चोर म्हणूनच वागवले, तर पुढे चोरीशिवाय जगण्याचे त्याचे मार्ग एकेक करून बंद होतात आणि शेवटी तो खरोखरच चोर होतो. हा विषय वरवर गुन्हेशास्त्राचा असला, तरी त्याच्या मुळाशी धर्मचिंतनातला आणि तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे. दंड कृत्याचा करायचा की माणसाचा, आणि दंड भोगून झाल्यावर तो माणूस कोण उरतो?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम याने १८९५ साली असा विचार मांडला होता की, केवळ संतांचाच समाज वसवला तरी तिथेही गुन्हे संपणार नाहीत. बाहेर जी चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही, ती त्या मठात महापाप ठरेल. कोणत्या कृत्याला गुन्हा म्हणायचे हे कृत्याच्या स्वरूपाइतकेच पाहणाऱ्याच्या नजरेवरही अवलंबून असते, हे त्यातून सूचित झाले. पुढची पायरी अमेरिकेत चढली गेली. फ्रँक टॅननबॉम याने १९३८ साली गल्लीतल्या पोरांचे उदाहरण घेतले. काचा फोडणे आणि छपरावर चढणे हा पोरांच्या लेखी खेळ असतो, शेजाऱ्यांच्या लेखी उपद्रव. तक्रारी वाढतात, पोलीस येतात, आणि हळूहळू रोख कृत्यावरून पोरावर सरकतो. आधी खोडी वाईट असते, मग पोरगाच वाईट ठरतो. एकदा असा ठरला की त्याची संगत, त्याचे बोलणे, त्याचे गप्प बसणे, सगळेच संशयास्पद दिसू लागते.

एडविन लेमर्ट याने १९५१ साली या प्रक्रियेचे दोन टप्पे पाडले. पहिले विचलन, म्हणजे नियमापासून ढळणे, प्राथमिक. ते कोणाच्याही हातून, कोणत्याही कारणाने घडते आणि बहुतेक वेळा तिथेच विरते. दुय्यम विचलन मात्र प्रतिक्रियेला दिलेले उत्तर असते. स्वतःवर बसलेल्या शिक्क्याशी जुळवून घेताना माणूस आपले वागणे, आपला गोतावळा आणि स्वतःविषयीची कल्पना बदलून टाकतो. लेमर्टने तोतरेपणाचाही अभ्यास केला, आणि ते उदाहरण गुन्ह्याच्या कोणत्याही उदाहरणापेक्षा अधिक बोलके आहे, कारण त्यात नैतिक दोषाचा प्रश्नच येत नाही. लहान मूल बोलताना अडखळते. आईबाप टोकतात, पाहुण्यांसमोर सावरून घेतात, शाळेत पोरे हसतात. मग बोलण्यापूर्वीच मुलाला भीती वाटू लागते, आणि भीतीने अडखळणे वाढते. अस्खलित बोलण्याला समारंभात फार मान असलेल्या उत्तर पॅसिफिक किनाऱ्यावरच्या आदिवासी जमातींत लेमर्टला तोतरेपणा आणि त्याविषयीची चिंता ठळकपणे आढळली होती.

हॉवर्ड बेकर याने १९६३ साली जॅझ वादक आणि गांजा ओढणारे यांच्या अभ्यासावरून अधिक टोकाचे विधान केले. विचलन हा कृत्याचा अंगभूत गुण नसून इतरांनी नियम लावल्याचा परिणाम आहे, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये लेस्ली विल्किन्सने या प्रक्रियेला चक्राचे रूप दिले. नियमभंग होतो, समाज कडक होतो, नियम मोडणारे एकटे पडून एकमेकांच्या आश्रयाला जातात, त्यांचे वेगळेपण वाढते, ते पाहून समाज आणखी कडक होतो. जॉक यंगने लंडनच्या नॉटिंग हिल भागात हेच चक्र पाहिले आणि १९७१ साली मांडले. पोलिसांचे लक्ष वळण्यापूर्वी तिथल्या तरुणांच्या जीवनात गांजा ही किरकोळ बाब होती. छापे सुरू झाल्यावर ती लपवण्याची आणि म्हणून महत्त्वाची बाब झाली.

शिक्का नेमके काय करतो? पहिले म्हणजे तो पोटावर पाय देतो. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात डेव्हा पेजर हिने केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. सारखेच शिक्षण आणि अनुभव दाखवणाऱ्या तरुणांना नोकरीच्या अर्जांसाठी पाठवले गेले. फरक होता तो तुरुंगवासाच्या नोंदीचा आणि वर्णाचा. नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना मालकांनी पुन्हा बोलावले, नोंद असलेल्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना. काळ्या उमेदवारांत हे आकडे १४ आणि ५ होते. यातली सर्वांत अस्वस्थ करणारी तुलना मधली आहे. गुन्ह्याची नोंद असलेला गोरा कोऱ्या पाटीच्या काळ्यापेक्षा पुढे राहिला. म्हणजे जन्माने बसलेला शिक्का कृत्याने बसलेल्या शिक्क्यापेक्षा जड ठरू शकतो. हा मुद्दा भारतापुरता पुढे पुन्हा येईलच.

दुसरा परिणाम संगतीचा. सरळ मार्गाची माणसे दूर झाली की उरतात ती त्याच वाटेने गेलेली. तिसरा परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही, पण तो व्यवस्थेच्या हाडीमासी असतो. पोलीस ठाण्याच्या हद्दीत चोरी झाली की आधी ‘रेकॉर्डवरचे’ उचलले जातात. जिथे शोध जास्त, तिथे सापडणेही जास्त. सापडणे जास्त, म्हणून पुढच्या वेळी शोध पुन्हा तिथेच. नोंदवही स्वतःचे म्हणणे स्वतःच सिद्ध करत राहते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालची हद्दपारी, लोकभाषेतली तडीपारी, दोन वर्षांपर्यंत माणसाला त्याच्या जिल्ह्याबाहेर काढू शकते. गावाचा त्रास त्याने टळतोही. पण त्या माणसाचे घर, काम आणि त्याला चार शब्द सुनावू शकणारे नातेवाईक याच जिल्ह्यात असतात, आणि नव्या गावात त्याला दारात उभा करणारा बहुधा त्याच्याच धंद्यातला असतो.

या सगळ्या प्रक्रियेचे सर्वांत मोठे आणि सर्वांत उघडे उदाहरण भारतातच घडले. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. भारतात सुतारकाम, विणकाम जातीने चालते तसा गुन्हाही काही जातींत पिढीजात चालतो, असा युक्तिवाद त्याच्या समर्थनार्थ सरकारच्या बाजूने झाला. सरकारने एखाद्या जमातीविषयी जाहीरनामा काढला की ती जमात गुन्हेगार ठरे, आणि त्या जाहीरनाम्याला न्यायालयात आव्हान देता येत नसे. आधी उत्तर भारतात लागू झालेला हा कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सगळ्या ब्रिटिश भारतात लागू करता येऊ लागला, आणि १९२४ साली त्याचे एकत्रित रूप तयार झाले. नावनोंदणी, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर दाखला, अशी त्याची यंत्रणा होती.

या यंत्रणेची खुबी अशी की तिने काही नवे गुन्हे जन्माला घातले, आणि ते करणे फक्त याच लोकांना शक्य होते. हजेरी चुकवणे हा गुन्हा. दाखल्याशिवाय पुढच्या गावच्या बाजाराला जाणे हा गुन्हा. शेजारच्या घरातला माणूस हेच करी तेव्हा ते त्याचे रोजचे जगणे असे. भटक्याला भटकणेच बेकायदा झाले, आणि मग त्याच्या नावावर शिक्षा साचू लागल्या. ठरावीक गुन्ह्यांसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या शिक्षेला इतरांपेक्षा कितीतरी जबर दंड होता. तिसऱ्या खेपेला जन्मठेप काळ्या पाण्याची. साचलेल्या शिक्षांकडे बोट दाखवून अधिकारी म्हणत की जमात गुन्हेगार आहे हे आता आकड्यांनीच दिसते.

हे लोक मुळात गुन्ह्याकडे वळलेच नव्हते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. काही वळले होते, आणि का वळले याची कारणे दडलेली नाहीत. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत. रेल्वे आणि मिठावरचा सरकारी मक्ता यांनी तो धंदा बसवला. पारध्यांची शिकार जंगल कायद्यांनी चोरी ठरवली. रामोशी पिढ्यानपिढ्या गावची आणि गडांची राखण करत; पेशवाई बुडाल्यावर पुरंदर भागातल्या रामोश्यांची वतने आणि हक्क गेले, आणि त्यातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. उमाजींना १८३२ साली पुण्यात फाशी दिले गेले. त्यानंतर गावची राखण करणारी जमात आणि गावाला जिच्यापासून राखायचे ती जमात एकच, असा विचित्र प्रकार सरकारी कागदांत दिसू लागतो. प्राथमिक विचलन म्हणावे असे जे काही होते, ते उपासमारीतून आले होते. कायद्याने त्याची जात बनवली.

मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, विजापूर अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात त्या वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव आजही रुळलेले आहे. तिथले स्त्रीपुरुष शहरातल्या कापड गिरण्यांत राबत आणि पाळी संपली की कुंपणाआड परतत. काही वसाहती मिशनरी संस्थांच्या हाती होत्या. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारणेसाठी ठेवण्याची तरतूद कायद्यातच होती. या वसाहतींत शाळा होत्या, कामही मिळे, आणि चालवणाऱ्यांपैकी कित्येकांचा हेतू प्रामाणिक होता. हे नोंदवायलाच हवे. पण कुंपणातून सुधारून बाहेर पडलेल्या माणसाच्या पत्त्यावरच शिक्का असे, आणि तो कामावर ठेवून घेणाऱ्याला आधी दिसे.

मराठी साहित्याने ही यंत्रणा आतून दाखवली. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या ‘फकिरा’ कादंबरीत वारणाकाठच्या मांगांवर हजेरी लादली जाते, आणि बंडाला कारण होणाऱ्या अपमानांत ती एक ठळक गोष्ट आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात कैकाडी घराण्याचे गावोगाव हिंडणे आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) मध्ये हे चक्र पूर्ण फिरताना दिसते. चोरीखेरीज दुसरे कोणतेही काम कोणी देत नाही, चोरी केली की पोलिसांचा मार, न केली तरी पोलिसांचा मार. अशा हिशोबात प्रामाणिक राहण्याने काहीच पदरात पडत नाही. समाजशास्त्रज्ञ ज्याला दुय्यम विचलन म्हणतात, त्याचे इतके नेमके वर्णन पाठ्यपुस्तकांत सापडणे कठीण.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मात्र निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ साली. ते कागदावर जमातीला नव्हे, व्यक्तीला लागू होतात. व्यवहारात जुन्या याद्यांची सवय पोलीस ठाण्यांत मुरलेली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावलींतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, आणि विमुक्त जमातींचा सराईत गुन्हेगारीशी जोडलेला उल्लेखही त्यात तपासला गेला. कायदा रद्द होऊन तोवर ७२ वर्षे झाली होती.

दंड कृत्याचा की माणसाचा, हा प्रश्न धर्मग्रंथांना ठाऊक होता का? ठाऊक होता, आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी भांडतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की राजाने दंड केलेला पापी निर्मळ होतो आणि पुण्यवानांप्रमाणेच स्वर्गाला जातो. याचा अर्थ दंडाने हिशेब मिटतो. तीच स्मृती नवव्या अध्यायात महापातक्याच्या कपाळावर डाग देण्यास सांगते, चोराला कुत्र्याच्या पायाचा, मद्यप्याला मद्याच्या दुकानाच्या खुणेचा. आणि अशा माणसाशी रोटी, बेटी, अध्ययन काहीही ठेवू नये असे बजावते. हा दंड कधीच न मिटणारा. मात्र लगेच पुढे सांगितले आहे की यथाविधी प्रायश्चित्त घेणाऱ्याच्या कपाळी डाग देऊ नये, त्याच्याकडून द्रव्यदंड घ्यावा. कपाळावरचा डाग आणि प्रायश्चित्त या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे ग्रंथकाराला उमगले होते असे दिसते.

अकराव्या अध्यायातला घटस्फोटाचा विधी तर या दृष्टीने मुद्दाम वाचण्यासारखा आहे. (आजच्या घटस्फोटाशी त्याचा संबंध नाही.) प्रायश्चित्त नाकारणाऱ्या पतिताला नातेवाइकांनी जिवंतपणीच मृत मानायचे. गावाबाहेर, सायंकाळी, दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा, आणि आप्तांनी सुतक पाळायचे. त्या क्षणापासून त्याच्याशी बोलणे नाही, वाटणी नाही. पण प्रायश्चित्त झाल्यावर त्याच आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करायचे आणि नवा घट पाण्यात टाकायचा. जितके लोक बाहेर काढायला हजर, तितकेच आत घ्यायला हजर. आणि प्रायश्चित्त पूर्ण केलेल्याला कधीही हिणवू नये, असा स्पष्ट आदेश आहे. बालहत्या, शरणागताची हत्या अशा काही अपवादांत मात्र शुद्धीनंतरही सहवास वर्ज्य सांगितला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्तविचाराचा हा सगळा पसारा मांडलेला आहे. महाराष्ट्रात हा मार्ग केवळ पोथीत राहिला नाही: मोगलांच्या कैदेत धर्मांतर झालेल्या नेताजी पालकरांना १६७६ साली प्रायश्चित्त देऊन परत घेतले गेले.

तरीही या व्यवस्थेचे कौतुक एका मर्यादेपलीकडे करता येत नाही. एक तर प्रायश्चित्ताचे आणि दंडाचे माप वर्णाप्रमाणे बदलते. दुसरे आणि अधिक गंभीर असे की परतीचा मार्ग फक्त त्यालाच होता, जो कृत्यामुळे बाहेर गेला. जो जन्मानेच बाहेर मानला गेला, त्याच्यासाठी कोणताही घट नव्हता. त्याने कोणते प्रायश्चित्त घ्यायचे? त्याने काही केलेलेच नव्हते. ज्ञानेश्वरादी भावंडांची परंपरेने सांगितलेली कथा या दोन प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. त्यांचे वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतले, हा दोष त्यांच्या कृत्याचा. ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि कथेनुसार ते पार पडले. तरी मुलांना प्रवेश नाही. पैठणला जाऊन शुद्धिपत्र मागण्याची वेळ आली. दंड पुरता भोगून झाल्यावरही शिक्का उरला आणि पुढच्या पिढीकडे गेला. कृत्याचा दोष, मग माणसाचा, मग वंशाचा, असा हा उतार आहे. १८७१ चा कायदा परकीयांनी केला खरा, पण वंशाला दोषी धरण्याची सवय ज्या समाजात आधीच होती, तिथे तो इतक्या सहज रुजला यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात दुराचाऱ्याविषयी दोन लागोपाठचे श्लोक आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच समजावे, कारण त्याचा निश्चय योग्य आहे, असे पहिला श्लोक सांगतो. तो लवकरच धर्मात्मा होतो, हे दुसऱ्यात येते. म्हणजे आधी समजणे, मग होणे. शिक्क्याच्या सिद्धांतात चोर समजल्याने चोर होतो. इथे तीच यंत्रणा उलट्या दिशेने चालवलेली दिसते. टीकाकारांनी या श्लोकांचा अर्थ मुख्यतः भक्तीच्या सामर्थ्याकडे वळवला आहे, आणि तो ग्रंथाच्या संदर्भात योग्यच आहे. परंतु ‘समजावे’ हा आदेश दुराचाऱ्याला नसून भोवतालच्या लोकांना आहे, ही गोष्ट त्या विवेचनात मागे पडते.

बौद्ध परंपरेतल्या अंगुलिमालाच्या कथेत दोन्ही दिशा दिसतात. मज्झिमनिकायातल्या सुत्तात तो बोटांची माळ घालणारा दरोडेखोर म्हणून येतो, बुद्धाच्या उपदेशाने भिक्षू होतो, आणि कोसलराज पसेनदी त्याला पकडायला निघालेला असताना त्याच्यापुढे नमतो. नंतरच्या अट्ठकथेने, म्हणजे भाष्याने, त्याचे बालपण सांगितले आहे. तो चोरांच्या नक्षत्रावर जन्मला, राज्यात शस्त्रे चमकली, आणि पुरोहित पित्याला मुलगा दरोडेखोर होणार हे कळले. ते टळावे म्हणून त्याचे नाव अहिंसक ठेवले. तक्षशिलेत तो गुरूचा आवडता झाला, सहाध्यायांनी मत्सराने गुरूचे कान भरले, आणि गुरूने दक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली. भाकीत खरे ठरले. पण ते खरे करायला एका गुरूचा संशय लागला.

सुत्ताचा शेवट सुखद नाही. भिक्षू झालेला अंगुलिमाल भिक्षेला गेला की कोणी ढेकूळ मारतो, कोणी काठी. तो रक्तबंबाळ होऊन परततो आणि बुद्ध त्याला सोसायला सांगतो. विनयपिटकाच्या महावग्गात याहून बोचरी नोंद आहे. अंगुलिमालाला भिक्षुवेषात पाहून लोक भ्याले, कुरकुरले, आणि मग नियम झाला की कुख्यात चोराला यापुढे प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, देऊ नये. ज्या घटनेने दार उघडता येते हे सिद्ध झाले, त्याच घटनेने ते दार इतरांसाठी लावून घेतले. संघाला भिक्षा समाजाकडूनच मिळत होती. समाजाच्या भीतीकडे दुर्लक्ष करणे त्याला परवडणारे नव्हते. संघाच्या आतल्या दोषांसाठी मात्र परतीची तरतूद सविस्तर होती. संघातून कायमचे बाहेर काढणाऱ्या पाराजिक दोषाच्या खालच्या गंभीर दोषासाठी व्रत पूर्ण केलेल्या भिक्षूला पुन्हा पूर्ण सभासद करून घ्यायला किमान वीस भिक्षू हजर लागत.

आता शिक्क्याच्या सिद्धांताच्या मर्यादा. बेकरचे विधान शब्दशः घेतले तर खून हाही केवळ नाव दिल्याने वाईट ठरतो, आणि हे कोणी मान्य करणार नाही. मेलेला माणूस शिक्क्यामुळे मेलेला नसतो. शिवाय प्रतिक्रिया दुसऱ्या चुकीचे कारण सांगू शकते, पहिलीचे नाही. तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: शिक्का बसलेला प्रत्येक जण गुन्हेगार होत नाही, मग जो झाला त्याची जबाबदारी समाजावर कशी ढकलायची? झाँ-पॉल सार्त्रने १९५२ साली लेखक झाँ जने याच्यावर लिहिलेल्या प्रचंड ग्रंथात याच पेचाला हात घातला. पोरक्या मुलाला चोरी करताना पकडून चोर म्हटले जाते, आणि तो ठरवतो की तुम्ही मला जे केले तेच मी होईन. सार्त्रच्या मते यात सक्ती आहे आणि निवडही आहे. शब्द इतरांचा होता, तो उचलणे त्याचे. जबाबदारी वाटली जाते, नाहीशी होत नाही. ही भूमिका दोन्ही टोकांपेक्षा अधिक टिकाऊ वाटते.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलांचा १९६१ पासून चाललेला केंब्रिजचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यावरून डेव्हिड फॅरिंग्टनने १९७७ साली दाखवले की न्यायालयात दोषी ठरलेल्या मुलांनी स्वतः कबूल केलेले गुन्हे नंतर वाढले, तर तशाच वर्तनाच्या पण न सापडलेल्या मुलांचे तसे झाले नाही. बालगुन्हेगारांवरच्या २९ नियंत्रित प्रयोगांचा आढावा २०१० साली अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी घेतला. औपचारिक न्यायप्रक्रियेत ओढलेल्या मुलांचे गुन्हे कमी झाले नाहीत, उलट किंचित वाढीकडे कल दिसला.

परंतु मिनियापोलिसमधल्या कौटुंबिक मारहाणीच्या प्रयोगाने (१९८४) उलट चित्र दिले: अटक झालेल्या पुरुषांकडून पुन्हा मारहाण होण्याचे प्रमाण समज देऊन सोडलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी होते. अमेरिकेत कित्येक ठिकाणी यावरून धोरण बदलले. मग इतर शहरांत प्रयोग झाले, तेव्हा मिलवॉकीत असे दिसले की नोकरी असलेले अटकेने वचकले आणि बेकार असलेले अधिक हिंसक झाले. एकच शिक्षा, दोन परिणाम. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे त्याला लाज वाटते. ज्याला आधीच बाहेर लोटलेले आहे त्याला चीड येते. लॉरेन्स शर्मनने पुढे यावरच आपला विचार उभा केला. प्रतिक्रियेने विचलन वाढते की घटते, हा प्रश्नच अपुरा आहे. ज्याच्यावर प्रतिक्रिया होते तो अजून समाजाच्या आत आहे की नाही, हे आधी विचारावे लागते. बायकोला मारणाऱ्या बेकाराला म्हणून मोकळे सोडावे असा याचा अर्थ नाही. मार खाणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षेचा प्रश्न त्याच्या सुधारणेची वाट पाहत थांबू शकत नाही, आणि शिक्क्याच्या अभ्यासकांनी या बाजूकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन ब्रेथवेट याने १९८९ साली लाज वाटायला लावण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक जोडून घेणारी लाज: कृत्याचा निषेध, माणसाचा स्वीकार, आणि शेवटी परत घेतल्याची जाहीर खूण. दुसरी तोडून टाकणारी. मनुस्मृतीतला दुसरा घट आठवला की ही कल्पना पूर्णपणे नवी वाटत नाही, फक्त ती सर्वांसाठी खुली केलेली आहे. जातपंचायतीने वाळीत टाकणे हा तोडणाऱ्या लाजेचा अस्सल मराठी नमुना. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. इथे प्रतिक्रिया देणारेच गुन्हेगार ठरले.

जोडून घेण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला होता. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तिथे भिंतींशिवाय ठेवले जाई. ते शेती करत आणि कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. चित्रपटात सगळा भार एका ध्येयवेड्या तुरुंगाधिकाऱ्याच्या करड्या पण प्रेमळ नजरेवर आहे. प्रत्यक्षातला भार बायकामुलांवर, जमिनीच्या तुकड्यावर आणि पिकाच्या बाजारावर होता, म्हणजे पळून गेल्यास गमावण्याजोग्या गोष्टींवर. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कधीच दोषी न ठरलेल्यांभोवतीही तार होती. स्वतंत्रपुरात दोषी ठरलेल्यांभोवती ती नव्हती. संस्थान विलीन झाल्यावर वसाहत सरकारच्या तुरुंग खात्याकडे गेली आणि खुली वसाहत म्हणून चालू राहिली.

भारतीय कायद्याने हा विचार लहान मुलांच्या बाबतीत स्वीकारला आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार दोषी आढळलेल्या बालकावर त्या दोषामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट करायची असते. त्याला अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील मुलाचा, ज्याच्यावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध झाला आहे. प्रौढांसाठी मात्र अशी सर्वसाधारण तरतूद नाही. शिक्षा भोगून आलेल्याला नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीचा दाखला त्याच पोलीस ठाण्यातून आणावा लागतो, जिथे तो रेकॉर्डवर आहे.